आधी वजन, मग काठी

कोकणच्या किनाऱ्यावर गरवणारा माणूस दिसला नाही असा दिवस सापडणं कठीण. जेटीच्या कठड्यावर बसून, बोटाला तंगूस गुंडाळून, गळाला कोळंबीचा तुकडा लावून तासन् तास वाट बघणारी मंडळी आमच्या रत्नागिरीत पूर्वीही होती, आजही आहेत. राजिवड्याच्या दालदी मच्छिमारांच्या घरात तर पोरांना पोहणं आणि गरवणं मुद्दाम शिकवावं लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत या मंडळींच्या शेजारी आणखी काही जण दिसू लागले आहेत. खडकाच्या टोकाला उभं राहून, माणसाच्या दीडपट उंच काळी काठी दोन्ही हातांत धरून ते लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा मासा समुद्रात लांब भिरकावतात, रीळ फिरवत तो परत ओढून आणतात आणि पुन्हा भिरकावतात. यात बसून वाट बघणं नाही. एका सकाळी दोनशे-तीनशे फेकी सहज होतात.

यातले तरुण कधी कधी विचारतात, ‘चाचा, काठी कुठली घेऊ? रीळ केवढं घेऊ?’ बहुतेकांनी उत्तर मनाशी ठरवलेलंच असतं. कुठल्याशा चित्रफितीत मनगटाएवढ्या जाड काठीवर भला मोठा मासा ओढलेला त्यांनी पाहिलेला असतो. तसलीच काठी, तसलंच रीळ हवं असतं. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांची कमाई खर्च करायची तयारी असते. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून सांगावा असं वाटलं.

गझलेत वृत्ताला वजन म्हणतात. शेर कितीही चांगला सुचला तरी वजनात बसला नाही, तर तो शेर नव्हे. या छंदातही पहिला प्रश्न वजनाचाच आहे. काठी माशाच्या वजनावरून निवडायची नसते, फेकायच्या आमिषाच्या वजनावरून निवडायची असते. मासा दिवसाकाठी एखादा लागतो, कधी लागतही नाही. फेकी मात्र तीनशे करायच्या असतात.

आधी ही खोटी आमिषं कशी असतात ते बघू. एकाचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. झटका दिला की ते पाण्यावर ‘डुबुक’ असा आवाज करतं आणि फेस उडवतं. त्याला पॉपर म्हणतात. दुसरं लांबट, निमुळतं, पाण्याच्या पृष्ठभागालगत जखमी माशासारखं नागमोडी पोहणारं, ते स्टिकबेट. तिसरा नुसता धातूचा चकचकीत तुकडा, म्हणजे मेटल जिग. तो लहान असूनही जड असतो, वाऱ्याला दाद न देता लांब जातो. तारली, पेडवे यांचे थवे खडकाजवळ आले की त्यांच्या मागावर कोकर, बाराकुडा, क्वचित सुरमई येते. त्या शिकारी माशांना फसवण्यासाठी ही सोंगं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून दोन ओळखीच्या वस्तू सांगतो. कोंबडीचं अंडं साधारण ५० ते ६० ग्रॅमचं असतं आणि क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास. आपल्या खडकांवरून फेकायला ४० ते ८० ग्रॅमची आमिषं बहुतेक वेळा पुरतात. म्हणजे अंड्याच्या आगेमागेच. १०० ते १५० ग्रॅमचे मोठे पॉपर हे अंदमानसारख्या ठिकाणी, बोटीतून, जायंट ट्रेव्हली या कोकरीच्या दांडग्या भावंडासाठी वापरतात. जवळजवळ क्रिकेटचा चेंडूच दिवसभर फेकायचा! २००६ मध्ये जपानच्या तोकारा बेटांजवळ या जातीचा ७२ किलो ८०० ग्रॅमचा मासा गळाला लागला होता. पण त्या माशासाठी बनलेली काठी घेऊन खडकावरून ४० ग्रॅमचं आमिष फेकलं, तर ते वीस-पंचवीस पावलांवर पडेल. कारण ती काठी एवढ्याशा वजनाने वाकणारच नाही.

आणि काठीचं सगळं काम वाकण्यातच आहे. फेकताना आपण काठी मागे नेतो, तेव्हा आमिषाच्या वजनाने ती धनुष्यासारखी वाकते. पुढे आणताना ती सरळ होते आणि साठवलेला जोर आमिषाला देऊन टाकते. आमिष फार हलकं असेल, तर धनुष्य ताणलंच जात नाही. फार जड असेल, तर ते मोडतं. म्हणून चांगल्या काठीवर मुठीच्या वर दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ ३० ते ८० ग्रॅम. यातला वरचा आकडा ही मर्यादा आहे, रोजचं माप नव्हे. आपण नेहमी जे आमिष फेकणार ते या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा मध्याच्या जरा वर बसावं. ६० ग्रॅम नेहमी फेकायचं असेल तर ३० ते ८० ची काठी ठीक. ८० ग्रॅमच नेहमी फेकायचं असेल तर १०० किंवा १२० पर्यंतची घ्यावी. साठ ग्रॅमपर्यंतच्या काठीवर १२० ग्रॅमचा पॉपर लावून पहिल्याच फेकीला तिचे दोन तुकडे झालेले मी पाहिले आहेत. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. आकडे काठीवर लिहिलेलेच होते.

दुसरी गोष्ट लांबीची. बोटीतून फेकायचं असेल तर साडेसात-आठ फूट पुरे. आजूबाजूला माणसं असतात आणि मासा बोटीखाली गेला तर आखूड काठी सांभाळायला सोपी पडते. खडकावर मात्र नऊ ते दहा फूट लागतात. लांब काठीने फेक लांब जाते आणि पुढचे दगड चुकवून दोरा बाहेरच्या बाहेर ठेवता येतो. पण ही लांबी फुकट मिळत नाही. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो. फेकताना जी तरफ आपल्या बाजूने असते, तीच मासा लागल्यावर माशाच्या बाजूने होते. खात्री करायची तर घरी झाडूच्या लांब दांड्याच्या टोकाला पाच लिटर पाण्याची बादली अडकवा आणि दुसऱ्या टोकाला धरून उचलून बघा. पाच किलो म्हणजे काय ते मनगट सांगेल. म्हणून पाच-दहा फुटांच्या जादा फेकीच्या मोहाने बारा फुटी काठी घेऊ नये. विशेषतः पन्नाशी गाठलेल्या खांद्यांनी.

काठी आज बहुतेक कार्बनचीच मिळते. विमानांसाठी विकसित झालेले कार्बनचे तंतू १९७३ च्या सुमारास मासेमारीच्या काठीत आले आणि काचतंतूंच्या जड काठ्या मागे पडल्या. कार्बनची काठी हलकी, ताठ, चपळ. पण तिचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावे लागतात. पहिला म्हणजे ती वाकणं सोसते, टोला सोसत नाही. दगडावर आपटलेली, शिशाचा गोळा लागलेली काठी वरून धड दिसते आणि आठ दिवसांनी भर फेकीत त्याच जागी तुटते. दुसरा स्वभाव जिवाशी खेळणारा आहे. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखालून जाताना काठी उभी धरू नका. वळिवाचे किंवा परतीच्या पावसाचे ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून खडकावरून निघा. मासा उद्याही येईल.

विकत घेताना काठीच्या कड्या तपासाव्यात. दोरा ज्या कड्यांतून जातो त्यांच्या आत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचं वळं असतं. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे बारीक चीर आहे, आणि ती चीर तुमचा दोरा कापणार. काठी दोन पेरांची असावी, एस.टी.त किंवा रेल्वेत नेता येते. आणि शेवटी, रीळ बसवून ती दुकानात पाच मिनिटं हातात धरून उभे राहा. पाच मिनिटांत मनगट भरलं, तर तीनशे फेकींचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता दोरा. काठी आणि रीळ यांचं लग्न लावणारा तोच. पूर्वी नायलॉनचा तंगूस होता. आता अतिशय मजबूत पॉलिथिनचे बारीक तंतू गोफासारखे विणून केलेला दोरा वापरतात. तेवढ्याच ताकदीचा तंगूस जवळपास दुप्पट जाड असतो. दोरा बारीक असला की वारा कमी अडवतो, फेक लांब जाते. शिवाय हा दोरा ताणला जात नाही, त्यामुळे पन्नास मीटरवर मासा नुसता शिवला तरी हाताला कळतं.

या दोऱ्याची जाडी जपानी पद्धतीच्या ‘पीई’ आकड्याने सांगतात. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई ४ म्हणजे ०.३३ मिलिमीटर. आकडा चौपट झाला की जाडी दुप्पट होते. ताकदीचा ठोकताळा असा, की आकड्याला दहाने गुणलं की पौंड मिळतात. पीई ४ म्हणजे ४० पौंड, सुमारे १८ किलो. चांगल्या कंपनीचा दोरा याहून जास्त सोसतो, पण हिशेब या आकड्यावर केलेला बरा. काठीवरही पीईचा आकडा छापलेला असतो. ६० ग्रॅमच्या आमिषाला पीई ३, ८० ग्रॅमला पीई ४, आणि १०० ग्रॅमच्या वर गेलात तर पीई ५ ते ८.

मात्र हा दोरा जेवढा मजबूत तेवढाच नाजूक. सरळ ओढला तर तुटत नाही, पण कालवं चिकटलेल्या खडकावर घासला की सुतासारखा कापला जातो. म्हणून त्याच्या टोकाला मीटर-दीड मीटर जाड तंगूस जोडतात, त्याला लीडर म्हणतात. पीई ३-४ ला ६० ते ८० पौंडांचा पुरतो. जोडाची गाठ बारीक हवी, नाहीतर फेकताना कडीवर आपटते. नवशिक्याने लीडर एवढा आखूड ठेवावा, की फेकताना गाठ काठीच्या टोकाबाहेर राहील. आणखी एक, फेकताना दोरा तर्जनीवर अडवून धरावा लागतो. जड आमिष सुटताना तो बोट कापून जातो. बोटाला चामड्याचं टोपण किंवा हातमोजा हवाच.

आता रीळ. सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच असतात. आपण ज्याला स्पिनिंग रीळ म्हणतो त्याची गोष्ट गिरणीशी जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथले गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या कांडीवरून सूत टोकाकडून सुटतं, कांडी फिरावी लागत नाही. तेच तत्त्व त्यांनी वापरलं. गिरणगावात आयुष्य काढलेल्या आपल्या कोकणी माणसाला हे चटकन समजेल. दुसऱ्या प्रकारच्या रिळात दोऱ्याचा ढोल स्वतः फिरतो. आमिष मंदावलं आणि ढोल फिरतच राहिला की दोऱ्याचं घरटं तयार होतं. ती रिळं वाईट नव्हेत, पण ढोलावर अंगठा ठेवण्याची सवय कमवावी लागते. सुरुवात करणाऱ्याने स्पिनिंग रीळच घ्यावं.

रिळाचा आकार ४०००, ५०००, ६०००, ८०००, १४००० अशा आकड्यांत सांगतात. हे आकडे म्हणजे ग्रॅम नव्हेत, मीटर नव्हेत, आणि एका कंपनीचं ६००० दुसऱ्या कंपनीच्या ८००० एवढं असू शकतं. म्हणून आकडा बाजूला ठेवून, त्यात आपला दोरा किती मावतो ते वाचावं. निवडलेल्या जाडीचा २५० ते ३०० मीटर दोरा मावला पाहिजे. फेक सत्तर मीटरची, मग तीनशे कशाला? कारण मासा लागल्यावर तो शंभर मीटर सहज घेऊन जातो. दोऱ्याखाली थोडा नायलॉन गुंडाळावा, नाहीतर गोफ धातूवर घसरतो. रीळ काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील इतकं भरावं. कमी भरलं तर फेक आखूड होते, जास्त भरलं तर वेटोळी सुटतात.

रिळाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ड्रॅग लिहिलेला असतो, १२ किलो, २० किलो. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा ठरावीक जोराच्या वर ओढू लागला की तो दोरा सोडतो, त्यामुळे दोरा तुटत नाही. हा जोर दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. पीई ४ ची ताकद १८ किलो, तर ड्रॅग पाच-सहा किलो. दोरा कड्यांतून ओवून स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधावा, कोणाला तरी काटा धरायला सांगावा, आणि काठी वाकवून दोरा किती किलोला सुटतो ते बघावं. हाताच्या अंदाजावर जाऊ नये. म्हणजे २० किलोच्या ब्रेकचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याला हवा तो सहा किलोला न अडखळता, सलग दोरा सोडणारा ब्रेक.

राखून का ठेवायचा, तेही सांगतो. मासा दोरा नेतो तसा स्पूलवरचा घेर लहान होतो. घेराचा व्यास निम्मा झाला, तर तोच ड्रॅग दुप्पट होतो. पाच किलोचा दहा होतो, आपण काहीही न करता. शिवाय काठी फार उभी धरली की सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो. आडव्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांच्या आसपास धरली की मधला आणि बुंध्याचा जाड भाग काम करतो. पुष्कळ काठ्या माशाने मोडलेल्या नसतात, अशा उभ्या धरण्याने मोडलेल्या असतात.

रिळाचा वेगही बघावा लागतो. हँडलच्या एका फेरीत दोरा सहा वेळा गुंडाळला जाईल, तर सहास एक. मेटल जिग आणि स्टिकबेट वेगाने आणायला ते चांगलं. पण मोठा पॉपर पाणी ढकलत येतो, तिथे पाचास एकच्या आसपासचं रीळ बरं. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवली तर जशी धापा टाकते, तसं हात धापा टाकतो.

खारं पाणी हा रिळाचा शत्रू. म्हणून पैसे मोजके असतील तर काठी मध्यम घ्या आणि उरलेले रिळात घाला, कारण फिरणारे भाग त्यात आहेत. लाखाच्या घरातली रिळंही बाजारात आहेत. त्यांच्यावाचून अडत नाही. पण पाणी आत जाऊ नये म्हणून नीट बंद केलेलं, धातूच्या अंगाचं रीळ हवं. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याने हलकेच धुवा. नळाची जोरदार धार मारली तर मीठ आत शिरतं. मग पुसून, सावलीत वाळवून, ड्रॅग सैल करून ठेवा. गळ आणि कड्या यांतही काटकसर नको. एक गळ सरळ झाला की बाकी सगळा खर्च वाया.

ही सगळी एक साखळी आहे. गळ, लीडर, गाठ, दोरा, ड्रॅग, काठी. कुठेतरी काहीतरी आधी सुटणारच. ते काय असावं हे आपण ठरवायचं, आणि ते ड्रॅग असावं. दोरा तुटला तर मासा तोंडात गळ घेऊन, मागे तंगूस ओढत जातो आणि कुठेतरी अडकून मरतो. तो कोणाच्याही ताटात येत नाही. म्हणून फार हलकी सामग्री वापरणं ही मर्दुमकी नव्हे. नेमक्या सामग्रीने मासा लवकर जवळ येतो. लहान असला तर त्याला जिवंत सोडताही येतं.

या साखळीत एक कडी दुकानात मिळत नाही. ती म्हणजे आपले पाय. बोटीत कठड्याला गुडघे टेकवून नऊ किलोचा ओढा सोसता येतो. शेवाळलेल्या खडकावर तोच ओढा माणसाला पाण्यात घेऊन जातो. खडकावर ड्रॅग ठरवताना दोरा किती सोसेल हे विचारा, आणि त्याआधी माझे पाय किती सोसतील हे विचारा. दोन्हींतला लहान आकडा घ्या. पकड घेणारे बूट, तरंगणारं जाकीट, सोबतीला एक माणूस, हे काठीइतकंच आवश्यक. पावसाळ्यात तिथे जाऊच नये. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची आपल्या किनाऱ्याची रीत उगाच पडलेली नाही.

तेव्हा दुकानात जाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. जिथे उभं राहून फेकणार ती जागा आधी बघून या. तिथे चालणारं आमिष खिशात घेऊन जा आणि काउंटरवर ठेवा. त्याचं वजन करायला सांगा. त्या वजनाला काठी, काठीला दोरा, दोऱ्याला रीळ, या क्रमाने मागा. खडकासाठी सांगायचं तर नऊ-साडेनऊ फुटी, ३० ते ८० ग्रॅमची काठी, पीई ३ चा दोरा, तो २५०-३०० मीटर मावेल असं रीळ, आणि ड्रॅग चार किलोपर्यंत. दुकानदाराने याहून मोठं काही पुढे केलं, तर ते कोणत्या वजनासाठी आहे एवढंच विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)